पट भरला, वर्ग रिकामा

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बुलढाणा जिल्ह्यातही त्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. शाळेच्या दाराला तोरण लागते, नवागतांना फुले आणि पुस्तके मिळतात, कोणी पदाधिकारी वा अधिकारी येऊन शिक्षणाची महती सांगतो आणि पटावर नावे चढतात. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, सोयाबीनची सोंगणी सुरू झाल्यावर त्याच वर्गात जाऊन पाहावे. मागच्या रांगा विरळ झालेल्या दिसतात. दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी भरात येते, ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि त्या रांगा आणखी विरळ होतात. पटावरची नावे मात्र जशीच्या तशी राहतात. नाव आहे पण मूल नाही, ही स्थिती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी आता कोणी संतापही व्यक्त करीत नाही.

प्राथमिक शिक्षणाची चर्चा आपल्याकडे पटसंख्येच्या भाषेत चालते, याला कारण आहे. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, आहाराचे धान्य पटावर येते, शाळा टिकणार की बंद होणार हेही पटावरच अवलंबून असते. पट भरलेला दिसावा यात सर्वांचाच काही ना काही हितसंबंध असतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने एकाच वेळी सर्वत्र पटपडताळणी केली आणि मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा लाखो नावे केवळ कागदावरची असल्याचे उघड झाले. तो भ्रष्टाचार होता आणि त्याचा गाजावाजा होणे योग्यच होते. परंतु त्याहून व्यापक आणि कमी बोलला जाणारा प्रश्न खऱ्या नावांचा आहे. मूल खरे आहे, त्याचे आईबाप खरे आहेत, त्याला शिकावेसे वाटते हेही खरे आहे. फक्त वर्षातले निम्मे दिवस ते वर्गात नसते.

या नुकसानीचा साधा हिशेब मांडून पाहावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. शाळेचा आठवडा सहा दिवसांचा धरला आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मूल घरी राहिले, तर एकषष्ठांश शाळा बुडाली. आईबाप बाजाराला जातात, घर आणि धाकटे भावंड सांभाळायला कोणी हवे, म्हणून थोरली मुलगी घरी राहते. एक दिवसाने काय बिघडते, असे सर्वांनाच वाटते. पण पहिलीपासून आठवीपर्यंत हीच रीत चालली तर आठ वर्षांत सव्वा वर्षाहून अधिक शाळा बुडते. त्या मुलीच्या आईबापांना विचारले तर ती रोज शाळेत जाते, असेच ते प्रामाणिकपणे सांगतील. टोळीबरोबर गेलेल्या मुलाचा हिशेब याहून कठोर आहे. कार्तिकात गेलेले मूल फाल्गुन-चैत्रात परतते, तेव्हा जवळजवळ निम्मे वर्ष संपलेले असते. वर्गात भागाकार शिकवला जात असताना जो उसाच्या फडात होता, त्याला पुढे अपूर्णांक समजत नाहीत. अपूर्णांक न समजल्यामुळे पुढचे काहीच समजत नाही, आणि मग डोके चालत नाही असा शिक्का त्याच्यावर बसतो.

या शिक्क्याची किंमत आता वाढली आहे. आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याची कायद्यातील तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने शिथिल झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परीक्षा असावी की नसावी हा वेगळा वाद आहे. परंतु जे मूल हिवाळाभर फडात वा वीटभट्टीवर होते, त्याला एप्रिलमध्ये परीक्षेला बसवून नापास ठरवणे म्हणजे मजुरीची शिक्षा मजुराच्या मुलाला देणे होय.

अनुपस्थितीचे कारण विचारले की शासकीय अहवालातून आणि गुरुजनांच्या बोलण्यातून एकच उत्तर येते : पालक उदासीन आहेत. या उत्तरात सत्याचा काही अंश आहे आणि त्याचा विचार पुढे करावयाचाच आहे. परंतु ते पूर्ण सत्य मानले तर बाकी सर्वांची जबाबदारी संपते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालासाठी उत्तर भारतातील पाच राज्यांत पाहणी झाली होती. त्यांतील बहुतेक राज्ये शिक्षणात महाराष्ट्राहून मागासलेली समजली जात. तेथेही मुलग्यांचे शिक्षण आवश्यक आहे असे ९८ टक्के आणि मुलींचे आवश्यक आहे असे ८९ टक्के पालकांनी सांगितले. इच्छा असतानाही दिवस का चुकतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते.

बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके या दृष्टीने सारखे नाहीत. दक्षिणेकडे सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार या भागांत कोरडवाहू शेती आणि अपुरे काम यांमुळे अनेक कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्यामागे लेकरे जातात. मोठे मूल कोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. मजुरीच्या हिशेबात त्याचे नाव कोठेच नसते, पण ते नसते तर आईला फडात उभे राहता आले नसते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत आणि मधल्या पठारावर कापूस-सोयाबीनचे राज्य आहे. कपाशीची वेचणी किलोवर असते, आणि किलोवर काम असले की घरातले प्रत्येक रिकामे हात म्हणजे मजुरी हे गणित आपोआप तयार होते. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत बुलढाणाही होता. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरातल्या मुलाला सकाळी दप्तर द्यायचे की बैलांचा कासरा द्यायचा, हा प्रश्न व्याख्यानाने सुटत नाही.

उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि आतल्या पाड्यांवर, आणखी एक अडचण उभी राहते. तेथील मुले घरी भिलाली बोलतात, कोरकू बोलतात, आणि जळगाव जामोद परिसरात काही कुटुंबे निहाली बोलतात. निहाली ही जगातील कोणत्याही भाषाकुलात निश्चितपणे न बसणारी भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. त्या भाषेत वाढलेले मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा गुरुजींचा एकही शब्द त्याला कळत नाही. शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे कायदा सांगतो. ते तेथे घडत नाही. शिकवलेले कळत नाही म्हणून मूल जायचे थांबते आणि हजेरीत त्याची नोंद ‘पालकांची उदासीनता’ अशी होते.

महाराष्ट्रात सक्तीच्या शिक्षणाचा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर का राहतात याचे कारणही त्यांनी दिले होते : पराकाष्ठेचे दारिद्र्य, आणि गुरे राखण्यासाठी व शेतीकडे पाहण्यासाठी मुलांची लागणारी गरज. म्हणून शाळा वाढवण्याबरोबर या वर्गांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे ठेवावीत, असे त्यांनी सुचवले. सक्ती आणि साहाय्य या दोन गोष्टी फुल्यांनी एकाच श्वासात मागितल्या. त्यांना वेगळे करण्याचे काम नंतरच्या राज्यकर्त्यांनी केले.

१९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. या दंडाची आठवण पुढाऱ्यांच्या भाषणांत हमखास निघते. परंतु त्याच शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली होती, हे दंडाच्या गोष्टीबरोबर सांगितले जात नाही. आता या रुपयाशेजारी दुसरा रुपया ठेवून पाहावा. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने पहिली ते चौथीतील दुर्बल घटकांच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. तो होता हजेरीच्या प्रत्येक दिवसाला १ रुपया, म्हणजे वर्षाला फार तर २२० रुपये. पुढची तीन दशके आमदारांचे वेतन वाढले, महागाई भत्ते वाढले, बियाण्याचे आणि खताचे भाव वाढले, पण मुलीच्या हजेरीचा रुपया रुपयाच राहिला. १९१७ चा दंडाचा रुपया मजुराची काही दिवसांची कमाई होती. तो दंड भरणाऱ्याला जाणवत असे. भत्त्याचा रुपया घेणाऱ्यालाही जाणवत नाही आणि देणाऱ्यालाही जाणवत नाही.

इतर देशांचा अनुभव हेच सांगतो. इंग्लंडने १८८० साली शाळेतील हजेरी सक्तीची केली, पण फी बहुतांशी रद्द व्हायला १८९१ साल उजाडले. मधल्या अकरा वर्षांत हजेरी-अधिकारी गरीब वस्त्यांतून फिरत, आणि ज्यांना फी परवडत नव्हती त्यांच्यावरच दंडाची नोटीस बजावली जात असे. ब्राझीलने दुसरा मार्ग धरला. १९९५ पासून काही शहरांत आणि २००३ नंतर ‘बोल्सा फामिलिया’ या देशव्यापी योजनेद्वारे, मूल नियमित शाळेत जात असेल तर गरीब कुटुंबाला दरमहा रोख साहाय्य मिळू लागले, आणि त्यासाठी शालेय वयाच्या मुलांची किमान ८५ टक्के हजेरी ही अट घालण्यात आली. अट कडक होती, पण अट घालणाऱ्याने आधी हात पुढे केला होता. आपल्याकडे अट तेवढी उरते आणि हात मागे राहतो.

वास्तविक आपल्या कायद्याची भाषा पुरेशी स्पष्ट आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, आणि २००९ च्या कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून पुन्हा नोंदवले. त्यासाठी दंड मात्र ठेवला नाही. उलट ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांचा अर्थ सांगताना कायद्याने प्रवेश, हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता यांची जबाबदारी सरकारवर टाकली. सक्ती आहे ती सरकारवर आहे. स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः जिल्हा परिषदेच्या कर्तव्यांत, हजेरीवर देखरेख ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे आणि शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवणे या तिन्ही गोष्टी येतात.

यांतील शेवटची गोष्ट पुन्हा वाचावी अशी आहे. शाळा केव्हा भरावी आणि सुट्टी केव्हा असावी हे ठरवताना गावच्या पिकाचा विचार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. सोंगणीच्या दिवसांत आठवडाभर शाळा सकाळची ठेवावी, अथवा दिवाळीच्या सुट्टीतील काही दिवस वेचणीच्या भराला जोडावेत, हे जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर होऊ शकते. परंतु हे मागायचे कोणाकडे? बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गावाला जाब विचारण्यासाठी सदस्यच उरला नाही. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या गोष्टी सांगणाऱ्या राज्यात शाळेची घंटासुद्धा लोकांच्या हातून निसटली.

दुसरीकडे कायद्यातच एक खिंडार पाडण्यात आले. बालमजुरीविषयीच्या कायद्याला २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना काम करण्यास बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मोकळीक ठेवली. दिसायला ही सवलत निरुपद्रवी आहे. परंतु आई दुसऱ्याच्या शेतात किलोवर कापूस वेचते आणि मुलगी तिच्या ओटीत बोंडे टाकते, तेव्हा ती कुटुंबाला मदत करते की शेतमालकाला, हे कोण ठरवणार? आणि शाळा सुटल्यावर शेतात गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात जागी राहील, याची हमी कोण देणार?

शाळेच्या बाजूनेही दिवस बुडतात. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ या गोंडस नावाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळांवर तीच टांगती तलवार आली. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेड राजा भागातून झपाट्याने जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांतील मुलीला मात्र पुढच्या वर्गासाठी शेजारच्या गावी जायचे तर एसटीची वाट पाहावी लागते. २०२१-२२ च्या एसटी संपात ग्रामीण मुलींच्या शिक्षणाची दोरी किती बारीक आहे हे दिसून आले. त्याआधी मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या प्राथमिक शाळा खेड्यांतही डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या होत्या. रोज उठून शाळेत जाण्याची सवयच त्या वीस महिन्यांत मोडली, आणि ती पुन्हा लावण्याचे काम कोणी हाती घेतले नाही.

एवढे सगळे सांगितल्यावर पालकांचा प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे हा गरिबांचा कैवार नव्हे. दारिद्र्य हे अनुपस्थितीचे कारण आहे, पण प्रत्येक अनुपस्थितीची ती सबब होऊ शकत नाही. लग्नसराईत चार-चार दिवस सोयऱ्यांकडे मुक्काम होतो, तेव्हा मुलांचे दप्तर घरी राहते. जत्रा, वारी, जावळ, तेरवी यांना सबंध घर जाते. मुलगा रुसला म्हणून घरी राहतो आणि बाप त्याला हसून सोडून देतो. आणि निवड करावी लागली तर मुलीचा दिवस आधी बुडतो, मुलाचा मागाहून. यांतील कोणत्याही गोष्टीला जागतिक भांडवलशाही जबाबदार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. सातवी-आठवीत मुलीची हजेरी हळूहळू तुटू लागते, तेव्हा अनेकदा घरात सोयरीक चालू झालेली असते. गावातील ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. हे पालकांना माहीत असो वा नसो, कार्यकर्त्याला माहीत असलेच पाहिजे.

पालकांनी काय करावे, याची यादी मोठी नाही आणि तिला पैसाही फारसा लागत नाही. बाजाराचा दिवस हा शाळेचा दिवस आहे, एवढे घरात एकदा ठरले पाहिजे. धाकट्या लेकराची जागा अंगणवाडीत आहे, थोरल्या बहिणीच्या कडेवर नाही. मूल आजारी असेल तर शाळेत निरोप गेला पाहिजे, आणि मूल निरोप न देता गैरहजर राहिले तर शाळेचा निरोप घरी आला पाहिजे. मुलाच्या नियमितपणाविषयी पालकांशी वेळोवेळी बोलणे हे कायद्याने शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे. संध्याकाळी आज काय शिकवले एवढा प्रश्न अक्षरशत्रू आईलाही विचारता येतो. मुलाने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे तिला कळले नाही तरी चालते. कोणी विचारणारे आहे हे मुलाला कळते. टोळीबरोबर जायचेच असेल तर मुलाला गावी आजी-आजोबांकडे ठेवावे आणि हंगामी वसतिगृहात त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी निघण्याआधी शाळेत नाव द्यावे. मूल बरोबर नेणे अटळ असेल तर शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत दाखल करावे.

मात्र वसतिगृहाचा सल्ला देणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. २०१६ साली खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर एखादी आई आपली मुलगी नजरेआड ठेवायला तयार होत नसेल तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. स्त्री कर्मचारी, रात्रीची देखरेख, आईबापांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा यांची हमी आधी दिली पाहिजे. विश्वास कमावल्याशिवाय हजेरी मिळत नाही.

पालकांच्या हाती आणखी एक साधन आहे, ज्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असा कायदा आहे. प्रत्यक्षात बहुतेक गावांत समिती म्हणजे मुख्याध्यापकांनी घरोघर फिरवलेली सह्यांची वही. ही समिती जिवंत झाली तर दर महिन्याला हजेरीपट सर्वांसमोर वाचता येईल. कोणाचे मूल किती दिवस आले, आणि शिक्षक किती दिवस आले, हे दोन्ही वाचले जावे. शिक्षकाला निवडणूक, जनगणना आणि आपत्तिनिवारण यांखेरीज शाळाबाह्य काम देऊ नये असे कायदा सांगतो. तो पाळला जातो का, हेही त्याच बैठकीत विचारता येईल. पालकाला हजेरीचा जाब विचारायचा तर त्यालाही जाब विचारण्याची जागा मिळाली पाहिजे. दोन्ही बाजूंनी जाब विचारता आला तरच ती सहकार्याची भाषा ठरते, एरवी ती हुकुमाची भाषा होते.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. रोजगार हमीची कल्पना याच महाराष्ट्राने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळातील अनुभवातून १९७७ चा कायदा झाला आणि त्यामागे समाजवाद्यांसह सर्व डाव्या चळवळींच्या मोर्च्यांचे बळ होते. दिवाळीनंतर गावातच काम मिळाले तर कोयता गावाबाहेर पडत नाही आणि मूल शाळेत राहते. म्हणून कामाची मागणी आणि शाळेची मागणी या दोन वेगळ्या आघाड्या नाहीत. दसऱ्यापूर्वी गावागावांत कोणती कुटुंबे निघणार आहेत याची यादी कार्यकर्त्यांनी करावी, ती मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी द्यावी आणि टोळ्या निघण्याआधी हंगामी वसतिगृह सुरू झाले नाही तर पंचायत समितीसमोर बसावे. वसतिगृह डिसेंबरात मंजूर झाले तर ते कोणाच्या उपयोगाचे? उपस्थिती भत्ता एका दिवसाच्या पौष्टिक खाण्याइतका तरी असावा, पिकाच्या वेळापत्रकाशी शाळेचे वेळापत्रक जुळावे, पाड्यावरच्या शाळेत मुलांची भाषा जाणणारी एक तरी व्यक्ती नेमावी, या मागण्या ठरावात लिहून थांबू नये. त्यांचा दरमहा पाठपुरावा व्हावा.

आणि सर्वांत अवघड काम घरातले आहे. पक्षाचे अनेक कार्यकर्ते आणि सहानुभूतिदार स्वतः शेतकरी आहेत. त्यांच्या कपाशीत वेचणीला येणाऱ्या बायांबरोबर दहा-बारा वर्षांची मुले येतात. वजन होते, पैसे दिले जातात, आणि त्या वजनात लहान हातांनी वेचलेला कापूस किती हे कोणी विचारीत नाही. शाळेच्या वेळेत माझ्या शेतात मूल दिसले तर त्याला मी परत पाठवीन आणि त्याच्या आईची मजुरी त्यामुळे कमी पडू देणार नाही, असे जाहीरपणे सांगणारे शेतकरी प्रत्येक गावात निघाले पाहिजेत. वेचणीचा दर वाढवल्याशिवाय हे शक्य नाही, आणि कापसाला भाव नसताना दर वाढवणे सोपे नाही, हे उघड आहे. परंतु भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्याने आपल्या तोट्याची भरपाई पराट्यांत वाकलेल्या पोराच्या पाठीवर करावयाची नसते. समाजवादाची कसोटी जाहीरनाम्यात लागत नाही, ती अशा ठिकाणी लागते.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी हजारोंचा समुदाय लोटतो. मुलाला घडवणाऱ्या मातेचा गौरव व्यासपीठावरून होतो. तो व्हावाच. पण तो दिवस ऊसतोडीच्या ऐन हंगामाचा असतो, आणि त्याच तालुक्यातील काही माता त्या वेळी परजिल्ह्यातील फडात कोयता चालवीत असतात आणि त्यांच्या मुली कोपीच्या दाराशी भावंडे खेळवीत असतात. येत्या जानेवारीत जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मिरवणुकीला निघण्यापूर्वी आपापल्या गावच्या शाळेत जावे, हजेरीपट उघडून पटावरची नावे मोजावीत आणि नंतर बाकांवरची मुले मोजावीत. दोन आकड्यांत जो फरक येईल, त्यातील प्रत्येक मूल कोठे आहे आणि का आहे याची माहिती गावाला असली पाहिजे. पुढच्या वर्षी तो फरक कमी झाला की नाही, एवढाच हिशेब पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांकडे मागावा.